लादीची पाठ

कासानी आणि पुत्र या पेढीत पुत्र असा कोणी नव्हता. ओरेस्ते कासानीला एकच मुलगी झाली, लोरेटा. पण पेढीची पाटी तिच्या जन्माआधीच ग्रॅनाइटमध्ये कोरून घेतलेली होती, आणि अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बॅरी गावात एकदा कोरलेलं अक्षर कोणी खोडत नाही. तेव्हा गेली पुष्कळ वर्षं पेढीचे पुत्र म्हणून लोरेटाच काम बघत होती. बिलं तीच करायची, गिऱ्हाइकांशी गोड तीच बोलायची आणि ट्रकवाल्यांशी कडूही तीच बोलायची. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा ओरेस्ते रोज सकाळी वखारीत येई, कामगारांच्या जेवणाच्या दगडी टेबलाशी बसे आणि सगळं नीट चुकतंय ना, यावर लक्ष ठेवी.

वखारीचा कायदा एका ओळीचा होता: लादीचं तोंड गिऱ्हाइकाचं, पाठ आपली. तोंडाला पॉलिश, पाठ खरखरीत. ज्यानं लादी पसंत केली त्याचं नाव निळ्या मेणखडूनं पाठीवर लिहायचं, आणि लिहिलं की ती लादी त्याची. मग त्याचं लग्न मोडो, घर जळो, नाहीतर तो फ्लोरिडाला पळून जावो. एका दंतवैद्याची लादी तर इतकी वर्षं उभी होती की तिच्यामागे मांजरीच्या तीन पिढ्या वाढल्या. दंतवैद्य परत आला तेव्हा त्याची बायको नवी होती आणि तिला तो रंग आवडला नाही, पण लादी जागेवर होती.

लाद्या टेकवून उभ्या करायच्या घोड्यांपैकी सगळ्यात मागच्या घोडीवर एक करडी लादी उभी होती. तिच्या पाठीवर नाव होतं: ओरेस्ते. ती आणि तिची जुळी बहीण एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापलेल्या. दोघींमधून एक पांढरी शीर गेलेली, आणि दोघी शेजारी मांडल्या तर पुस्तक उघडावं तशी ती शीर एकीतून निघून दुसरीत शिरायची. ओरेस्तेची बायको पिएरिना गेली तेव्हा त्यानं पहिली लादी तिच्या कबरीवर आडवी घातली. तिथे ती शीर उजव्या कडेपर्यंत येऊन थांबली होती. पुढची शीर वखारीत होती. वेळ आली की जाऊन तेवढी रेघ पुरी करायची, याशिवाय ओरेस्तेला आता जगात दुसरं काम नव्हतं.

अशा या पेढीत स्लॅबोनिक्स आलं. हे दगडाच्या वखारींसाठी केलेलं सॉफ्टवेअर होतं. बिलं, साठा, राखीव माल, कापणीचं वेळापत्रक, सगळं त्यात. ते घ्यायला लोरेटाला हौस नव्हती, पण स्वयंपाकघरं सजवणारी माणसं हल्ली वखारीत पाऊल टाकत नाहीत. बुटांना दगडाची धूळ लागते. ती पडद्यावर दगड बघतात, आणि जो पडद्यावर नाही तो त्यांच्या लेखी डोंगरातून निघालेलाच नसतो.

सॉफ्टवेअरबरोबर ब्राइस नावाचा एक तरुण मिळाला. त्याचं पद 'ग्राहक-यश सोबती' असं होतं. तो युटामध्ये कुठेतरी बसत असे आणि पडद्यावर दिसत असे. त्याच्यामागे एक झाड असे, तेही पडद्यावरचंच.

"वखारीत दगडाचं जे जे आहे, त्याला क्रमांक हवा," ब्राइसनं सांगितलं. "एकही वस्तू सुटली तर संपूर्णता येत नाही."

लोरेटानं हे मनावर घेतलं. ती हातात यंत्र घेऊन घोड्याघोड्यांमधून फिरली आणि दिसेल त्या दगडाला बारकोड चिकटवत गेली. कार्यालयाच्या पायरीला क्रमांक मिळाला. संडासाच्या उंबऱ्याला मिळाला. जेवणाच्या टेबलालाही मिळाला आणि त्याची नोंद 'तुकडा, उपलब्ध' अशी झाली. कापणीच्या यंत्रावर मार्सेल गान्यों होता. त्याचा बाप क्वेबेकहून आलेला, आणि जीभही बापाकडूनच आलेली. तो त्या टेबलाशी बसून डबा खात होता.

"मला मूतखडा आहे," मार्सेल म्हणाला. "त्यालाही चिकटव एक."

"अख्खा आहे की तुकडा?" लोरेटानं मान वर न करता विचारलं.

संध्याकाळी पडद्यावर हिरवं वर्तुळ पूर्ण झालं. वखार आणि सॉफ्टवेअर यांच्यात शंभर टक्के मेळ बसला होता. दुसऱ्या दिवशी तिला 'माणिक श्रेणी' बहाल झाल्याचं प्रमाणपत्र आलं. लोरेटाला शाळेत कधी पहिल्या बाकावरही बसवलं नव्हतं. तिनं ते प्रमाणपत्र चौकटीत घालून, आईच्या फोटोशेजारी, आईपेक्षा थोडं वर लावलं.

राहता राहिली मागची करडी लादी. तिला क्रमांक होता, दोनपैकी दोन अशी जोडीची नोंद होती, पण स्थिती भरायची होती. रविवारी मक्याच्या पिठाच्या पोलेंटाचं जेवण चाललं असताना लोरेटानं पानाशेजारी यंत्र उघडलं. मार्सेलही जेवायला होता. त्याची बायको बिंगोला गेली की तो यायचाच.

"पापा, तुझ्या लादीला काय लिहू? उपलब्ध, राखीव, विकलेली, की तुकडा?"

"माझी असं लिही."

"माझी असा पर्याय नाही."

"मग त्याला म्हणावं, पाठ बघ. लिहिलंय तिथे."

"फोटो फक्त तोंडाचा निघतो, पापा."

ओरेस्तेनं चीज किसून घेतलं आणि विचार केला. "राखीव लिही मग. खोटं नाही ते."

राखीव म्हटल्यावर पुढचे रकाने उघडले. ग्राहकाचं नाव सोपं होतं. मग जागा: स्वयंपाकघर, न्हाणीघर, शेकोटी, किंवा घराबाहेरचं राहणीमान.

"घराबाहेरचं," मार्सेल म्हणाला. "आणि हवेशीर."

सिंक एक की दोन, असा प्रश्न होता. सिंक नको असाही पर्याय होता, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे उपकारच म्हणायचे. त्याच्या खाली एक लाल चौकट होती. ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

"बसवायची तारीख," लोरेटानं वाचलं.

"कोणाला?"

"लादी रे, पापा. लादी कधी बसवायची?"

मग ओरेस्तेनं काटा खाली ठेवला आणि एखाद्या कामाचा अंदाज द्यावा तसा तो बोलू लागला. बॅरीत थंडीत जमीन लोखंडासारखी होते. जो हिवाळ्यात मरतो त्याला दफनभूमीच्या दगडी कोठीत ठेवतात आणि मेमध्ये, माती मऊ झाली की पुरतात.

"उगाच कोठीत चार महिने ताटकळत पडायचं मला जमणार नाही," तो म्हणाला. "मे बरा. पहिला आठवडा नको, चर्चमध्ये स्पॅगेटीची जेवणावळ असते. पंधरा तारीख घाल."

लोरेटानं पंधरा मे घातली. लाल चौकट हिरवी झाली. बापाच्या मरणाचा मुहूर्त पोलेंटाच्या पातेल्याशेजारी ठरला आणि कोणाचाही घास अडला नाही, कारण मेला अजून अवकाश होता.

एप्रिल संपता संपता ओरेस्तेच्या फोनवर संदेश येऊ लागले. तो भिंग लावून ते वखारीत सगळ्यांना वाचून दाखवी.

"'नमस्कार ओरेस्ते! तुमचं स्वप्नातलं राहणीमान आता फक्त दोन आठवड्यांवर आलं आहे. जागा सपाट आणि रिकामी ठेवा. पाळीव प्राणी दूर ठेवा. काम चालू असताना अठरा वर्षांवरील एक व्यक्ती जागेवर हजर असणं बंधनकारक आहे.'" त्यानं भिंग खाली घेतलं. "हजर राहीन. हलणार नाही म्हणावं."

तो थट्टा करत होता खरा, पण माणूस शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन दफनभूमीत गेला आणि पिएरिनाच्या शेजारची जागा त्यानं दोरी लावून सपाट केली. पंधरा मे उजाडली ती मात्र त्याच्या तब्येतीला फारच मानवली. त्यानं दोन अंडी खाल्ली, वर मेपलचा पाक घालून धिरडी खाल्ली आणि वखारीत येऊन कामगारांना शिव्या घातल्या.

"काय ओरेस्ते," मार्सेल म्हणाला, "आज तर निघणार होतास."

"बरं वाटतंय रे. काय करू."

"तुम्हा इटलीवाल्यांना वेळेची किंमत नाही, ती नाहीच."

तारीख पुढे ढकलण्यासाठी सॉफ्टवेअरनं कारण विचारलं. रंगकाम अपुरं, ठेकेदार आला नाही, कपाटं तयार नाहीत. ओरेस्ते म्हणाला, "कपाटं लिही. ते अगदी खरं आहे. माझं एकच लागतं, पण ते अजून घेतलेलं नाही." नवी तारीख नोव्हेंबरची अखेर ठरली. तोवर हरणांची शिकार उरकलेली असेल आणि जमीनही गोठलेली नसेल, असा त्याचा हिशेब होता.

नोव्हेंबर लागला आणि संदेशांचा सूर बदलला. एकदा पुढे ढकललेली तारीख पुन्हा ढकलता येणार नव्हती. ग्राहकानं महिनाअखेर तयारी कळवली नाही तर लादी आपोआप मोकळी होणार होती, जेणेकरून 'इतरांच्या स्वप्नांनाही वाव मिळेल'. लोरेटानं ब्राइसला पडद्यावर बोलावलं.

"सगळ्यात आधी हे सांगतो, की मी तुमचं ऐकतोय," ब्राइस म्हणाला.

"मी अजून बोलले नाही."

"तेही ऐकतोय."

"ती लादी माझ्या वडिलांच्या कबरीसाठी आहे. आणि वडील जिवंत आहेत."

"अरे वा. अभिनंदन."

"त्यामुळे तारीख सांगता येत नाही."

"अंदाजेसुद्धा नाही?" ब्राइसनं विचारलं. मग त्यानं झाडासमोर मान हलवली. "असं करा. तुम्ही ती 'विकलेली' करून टाका. विकलेल्या लादीला कोणी हात लावत नाही."

"केली. तर ते जागेचं माप मागतंय."

"बरोबर. जागेवर जाऊन, फोटोसह. आणि माप घेताना कपाटं बसलेली हवीत. कपाटं बसण्याआधीचं माप आम्ही धरत नाही, मागाहून फार भांडणं होतात."

"म्हणजे वडील आधी जागेवर जायला हवेत."

"ग्राहकाची तयारी नसताना आपण त्याच्यावर काहीही लादत नाही, लोरेटा. ते आमचं मूल्यच आहे."

"मालकाच्या खास परवानगीनं काही होत नाही का?"

ब्राइसनं बघितलं. होत होतं. मालक म्हणून नोंद ओरेस्ते कासानी अशी होती आणि ग्राहक म्हणूनही ओरेस्ते कासानीच. एकाच माणसानं स्वतःला परवानगी देणं हा हितसंबंधांचा संघर्ष होता. मग लोरेटा म्हणाली की माझ्या नावावर राखून ठेवते. तर पेढीतल्या माणसांनी चांगला माल दडपून ठेवू नये म्हणून तशीही सोय बंद होती, आणि ती बंद करणाऱ्या नियमापुढे पहिल्याच दिवशी 'वाचलं, मान्य आहे' अशी खूण लोरेटानंच केलेली होती. अशा एकंदर बेचाळीस पानांपुढे तिनं ती एक खूण केली होती.

मार्सेलला यातलं काहीही कळलं नाही, म्हणून त्याला उपाय सुचला. "इतकं डोकं कशाला फोडतेस? ट्रकवर टाकतो आणि माझ्या कोठारात नेऊन ठेवतो. गायींना सांगतो लक्ष ठेवायला."

"वखारीत नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये आहे, असं होईल."

"होऊ दे."

"शंभराचे नव्व्याण्णव होतील, मार्सेल."

मार्सेलनं भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुझ्या बापाची लादी आहे ती," तो म्हणाला, आणि यंत्र चालू करायला निघून गेला. लोरेटाला ते लागलं. पण ती स्वतःला म्हणाली, अजून दिवस आहेत, नियमात बसवून घेऊ. नियमात बसवून घेण्यासारखं सुख नाही. त्यात माणसाला आपण काहीतरी करतो आहोत असं वाटत राहतं.

शिकारीला ओरेस्ते गेलाच. त्याला बंदूक पेलत नव्हती, म्हणून तो मित्राच्या गाडीत काच खाली करून बसला आणि हरणांना नुसतं बघत राहिला. त्या गार वाऱ्यानं छाती भरली. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी लोरेटाला बाजूला घेऊन जे सांगायचं असतं ते सांगितलं. ती खोलीत परत आली तेव्हा ओरेस्ते उशांना टेकून फोन डोळ्यांपाशी धरून बसला होता.

"आला बघ संदेश," तो म्हणाला. "'ओरेस्ते, तुम्ही तयार आहात का? असाल तर हो, नसाल तर नाही, एवढंच कळवा.' कधी नव्हे तो सरळ प्रश्न विचारलाय त्यानं."

"राहू दे पापा. मी बघते काय लिहायचं ते." नाही लिहिलं तर लादी तिथल्या तिथे मोकळी होणार होती. हो लिहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं माप घ्यायला जागेवर जाणार होती, आणि जागेवर कोणी नसणार होतं. "मी कॉफी घेऊन येते. येईपर्यंत हात लावू नकोस."

ती कॉफीच्या यंत्रापाशी उभी राहून थोडी रडली. तिथे तसं करायची सोय असते. मग तोंड धुऊन परत आली. ओरेस्तेनं फोन पोटावर पालथा ठेवला होता आणि तो बराच निवांत दिसत होता.

"काय केलंस पापा?"

"कळवलं."

"काय कळवलंस?"

"खरं ते. नाही म्हणून." तो खिडकीकडे बघत होता. "मला वाटलं होतं तयार आहे. जागा सपाट केली, सगळं केलं. पण त्यानं असं तोंडावर विचारलं तेव्हा कळलं, नाही अजून. तू वखारीत कुणाशी भांडशील, काय करशील... नाहीच तयार मी, लोरेटा. खोटं कशाला लिहू?"

लोरेटानं त्याचा हात धरला. दगडावर दगड घासून घासून त्या हाताला रेषाच उरल्या नव्हत्या. लादी त्याच मिनिटाला मोकळी झाली होती आणि ते तिला ठाऊक होतं, पण बाप आपल्यासाठी तयार नाही म्हणतो आहे हे ऐकल्यावर तिला लादीचं बोलवेना. शनिवारी पहाटे ओरेस्ते गेला. आठवडाभर आधी गेला असता तर ग्राहक तयार आहे हे फोटोसह सिद्ध करता आलं असतं.

इकडे सॉफ्टवेअर कामाला लागलं होतं. मोकळ्या लादीला खपेल असं नाव लागतं, म्हणून त्यानं आपणहून तिचं बारसं केलं: 'उत्तरेची अंगाई'. खाली वर्णन दिलं की हा दगड एक गोष्ट सांगतो. त्याच्या खाली बारीक अक्षरात होतं: 'जोडीतली एक. दुसरी सध्या उपलब्ध नाही.' स्टो गावातल्या एका गृहिणीनं ती लादी पडद्यावर पाहिली आणि तिच्या ठेकेदारानं तासाभरात घेऊन टाकली.

मार्सेलचा फोन आला तेव्हा लोरेटा शवपेटी निवडत होती. "विकलेली दाखवतंय. सांग, आत्ता उचलतो."

"थांब," लोरेटा म्हणाली. "ब्राइसशी बोलते."

ब्राइस सुट्टीवर होता. त्याच्या जागी आपोआप आलेल्या उत्तरात, तो कुटुंबासमवेत मौल्यवान क्षण घालवत असल्याचं कळवलं होतं.

सोमवारी चर्चमध्ये सगळी वखार होती. वखार बंद होती, पण फाटक बंद नव्हतं. स्लॅबोनिक्सच्या माणिक श्रेणीत 'स्वयंसेवा उचल' ही सोय फुकट मिळते. ठेकेदाराचा क्रेनवाला ट्रक आला, चालकानं फोनवरचा आकडा दाबला, फाटक उघडलं, आणि पाद्रीबाबा 'मातीचं मातीला' म्हणत होते त्या सुमाराला ती लादी स्टोच्या रस्त्याला लागली. कोणी काही चोरलं नाही, कोणी नियम मोडला नाही. लोरेटा परत आली तेव्हा मागची घोडी रिकामी होती आणि पडद्यावर मेळ शंभर टक्के होता. तिनं कोटही न काढता ती चौकट भिंतीवरून उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. खिशात ओरेस्तेचा फोन वाजला. संदेश स्लॅबोनिक्सचाच होता: 'ओरेस्ते, तुम्ही आम्हाला सोडून गेलात याचं वाईट वाटतं. का गेलात ते थोडक्यात सांगाल?'

त्या वर्षी जमीन लवकर गोठली आणि ओरेस्तेला शेवटी कोठीत ताटकळावं लागलंच. मेमध्ये माती मऊ झाली, त्याला पिएरिनाशेजारी ठेवलं आणि वर गवताचा चौकोनी तुकडा घातला. मार्सेलनं दुसऱ्या चार लाद्या दाखवल्या, पण लोरेटानं एकही घालू दिली नाही. पिएरिनाच्या लादीवरून पांढरी शीर उजव्या कडेपर्यंत येत होती आणि तिथून पुढे नुसतं गवत होतं.

त्याच महिन्यात सॉफ्टवेअरमधून एक काम आलं. स्टोमध्ये स्वयंपाकघराच्या मधल्या ओट्याची कड किंचित उडाली होती आणि जवळचा जाणकार म्हणून पेढीचं नाव निघालं होतं. लोरेटानं लादीचा क्रमांक बघितला आणि मार्सेलला न पाठवता स्वतःच निघाली.

दार उघडणाऱ्या बाईचं नाव मेरेडिथ हॉलोवे. तिनं लोरेटाचे धुळीचे बूट बघितले आणि तरीही तिला आत घेतलं, इतकी ती सुस्वभावी होती. स्वयंपाकघराच्या मधोमध ओटा होता. मेरेडिथ त्याच्यावर लिंबं कापत होती.

"आम्हाला मुद्दाम इथलाच दगड हवा होता," ती म्हणाली. "अस्सल, मातीशी नातं असलेला. आणि ही शीर बघा ना. कुठून तरी येते आणि इथे आत शिरते. येईल त्या पाहुण्याला मी विचारते, कुठून आली असेल सांगा?"

"माझ्या आईच्या कबरीवरून," लोरेटा म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. जुळी लादी, मेणखडू, पंधरा मे, इस्पितळ, फाटक. मेरेडिथनं सुरी खाली ठेवली. तिचे डोळे खरोखर भरून आले.

"किती सुंदर गोष्ट आहे," ती म्हणाली. "हे त्यांनी वर्णनात घालायला हवं होतं."

"मला ती परत हवी आहे, बाई. वखारीतली तुम्हाला आवडेल ती दुसरी लादी माझ्या खर्चानं बसवून देते. दोन देते."

मेरेडिथ ओट्यावरून हात फिरवत राहिली. "पण तुम्ही ती राखून ठेवली नव्हती का?"

"ठेवली होती. मुदत संपली."

"अरेरे," मेरेडिथ म्हणाली, आणि त्या शब्दाबरोबर तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं लोरेटाला स्पष्ट दिसलं. "मग काय करणार. तुमचं दुःख मला कळतं हो. पण आता आमचाही जीव जडलाय तिच्यावर." तिनं लिंबाचा रस सांडला होता तो पुसून घेतला.

लोरेटा कड दुरुस्त करायला गुडघ्यांवर बसली. स्टुलं सरकवता यावीत म्हणून ओटा तिथे थोडा पुढे काढला होता, आणि खालून लादीची खरखरीत पाठ दिसत होती. त्या पाठीवर निळ्या अक्षरात 'ओरे' एवढंच उरलं होतं. बाकीचं नाव सिंकसाठी पाडलेल्या भोकात गेलं होतं. त्याला सिंक नको होतं. लोरेटानं खिशातून मेणखडू काढला, आधीची अक्षरं गिरवली आणि उरलेलं नाव वळवून, भोकाच्या अलीकडच्या जागेत पूर्ण केलं.

"खाली काय लिहिताय?" वरून मेरेडिथनं विचारलं.

"हमीची खूण."

"अरे वा. किती वर्षांची?"

"कायमची," लोरेटा म्हणाली, आणि कड घासू लागली. दुसऱ्या दिवशी मेरेडिथनं पेढीला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं की या लोकांना दगडाची माया आहे.

दूर देशातल्या या सॉफ्टवेअरचं वाचकांना हसू आलं असेल तर त्यात गैर काही नाही. हसून झालं की एकदा आपल्या स्वयंपाकघरात जा. तुमचाही ओटा ग्रॅनाइटचाच असेल. घेताना तुम्ही त्याचं तोंड बघितलंत, भाव पाडून मागितलात आणि डाग पडतात का तेवढं विचारलंत. आता गॅसचा सिलिंडर जरा बाजूला सरकवा, खाली वाका आणि त्याची पाठ बघा. कुणाचं नाव लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. त्याची मुदत संपलेली आहे.